नाव कोणी घ्यायचं

३ मार्च १९५८, मालवण
अर्ज लिहून झाला! खानावळवाल्या कावेरीबाईंना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवाय. गणपत जाऊन सहा वर्षं झाली — आत्ताच का, ते सांगत नाहीत. “कारणाची जागा रिकामी सोडता येत नाही,” मी बजावलं. “मग ‘घरगुती’ लिवा, जयराममास्तर!” मी मास्तर नव्हे, चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण माझ्याइतकं स्वच्छ अक्षर अख्ख्या कचेरीत नाही — हे इथे लिहायला कोणाची चोरी?

५ मार्च
फुकट खेप! कारकून म्हणाला, अर्जावर अंगठा आहे, तेव्हा मयताचं नाव बाईंनी तोंडानं सांगावं. बाई गप्प. नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलेलं नाही! शेवटी मीच म्हणालो, “गणपत.”
“तुम्ही मयताचे कोण?”
“शेजारी.”
“शेजाऱ्याला दाखला मिळत नाही. जवळचं माणूस लागतं. बायको समोर उभी आहे ना? तिला बोलू दे.”
नियम बरोबर आहे. राग आला तो त्याचाच.

९ मार्च
रोज जेवताना तालीम. “म्हणा, कावेरीबाई.” “जिभेर येता, आणि थंयच अडाकता!” या गडबडीत सोलकढीत मीठ दोनदा पडलं. खारट झालीय, असं मी सांगून टाकलं; खोटं कशाला बोला? आज ‘गण’पर्यंत मजल गेली, मग त्यांना हसूच फुटलं. “ऱ्हवलेला उद्या!”

१४ मार्च
मिळाला! बाईंनी पदर सावरला आणि खणखणीत म्हणाल्या, “गणपत.” कारकूनही दचकला.
दाखला देताना त्यानं सहज विचारलं, “अर्ज कोणी लिहिला हो? अक्षर छान आहे.” बाई पुन्हा मुक्या! मान खाली. हनुवटीनं माझ्याकडे खूण. रोज ‘जयराममास्तर, ताट वाढलंय!’ म्हणून वाडी दणाणून सोडणारी बाई! शेवटी मीच ओरडलो, “जयराम!”
एका नावातच दम संपला असावा. असो. अक्षराचं कौतुक झालं. दिवस फार चांगला गेला.

१५ मार्च
दुपारी भात वाढता वाढता म्हणाल्या, “नोंदणीच्या लग्नाक पयल्या घोवाचो दाखलो लागता.”
‘कोणाशी?’ अगदी ओठावर आलं होतं. मग आठवलं — आज जेवायची हाक नावानं आलीच नव्हती. कुडाआडून नुसतं, “अवो, येतास मां?”