नानाजी पाटलांचं घड्याळ आमच्या भिंतीवर

३ जून १९५७. धानोरा. ऊन अंगणात आलेलं.
मॅट्रिक झालो. सेकंड क्लास. आजपासून रोजनिशी. निश्चय तीन: पहाटे पाचला उठणे, रोज डिक्शनरीची दोन पानं पाठ, आणि घरीदारी शुद्ध बोलणे.
नागपूरच्या एका कॉलेजात गरीब मुलांसाठी फंड आहे. फी माफ, होस्टेलचं जेवण फुकट. आपल्या भागातून एकच मुलगा घेणार. तो मी. दुसरा अर्ज गावाबाहेरच्या वस्तीतल्या, टोल्यावरच्या जंगूचा. माझ्याच वर्गातला, पण थर्ड क्लास. बिचारा.
बाबा म्हणाले, फंड नाई भेटला तं मामासंगं माजरीच्या खाणीवर हजेरी लिहाले जा. आपल्या बांधीत धान पिकते, कॉलेज नाई पिकत. मी मनावर घेतलं नाही.

५ जून.
उठलो तेव्हा गुरं रानात गेलेली. घरात घड्याळ नाही, त्यात माझा काय दोष? डिक्शनरी मास्तरांकडे, मास्तर सुट्टीवर.

९ जून. जेवणानंतर.
बुधवारी तहसिलीचे सर्कल साहेब घर पाहायला येणार. त्यांचा रिपोर्ट नागपूरला जाणार.
घर पाहायला! मग झालंच. रंभाताईला पाहायला सोयरे आले तेव्हा नानाजी पाटलांचं भिंतीवरचं घड्याळ आणून आमच्याकडे लावलं होतं. गावात कोणाकडेही स्थळ आलं की ते घड्याळ त्या घरी जातं. नानाजीभाऊ कोणाला नाही म्हणत नाहीत. ताईचं एका बैठकीत जमलं. मग माझं काऊन (का) जमू नये?
माय म्हणाली, बाबू, पोरगी नाई द्याची आपल्याले, गरिबी दाखवाची आहे. मायला नागपूरचं काय कळतं! पडक्या घरातल्या पोरावर कोण पैसा लावेल?

११ जून. सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.
घड्याळ लागलं. शिवाय दोन खुर्च्या, चार पितळी ताटं, एक गादी. वेळ कळायला लागली की माणूस आपोआप शिस्तीत येतो. उद्या पाचला उठणार.

१२ जून. दुपारी १ वाजून २५ मिनिटे.
सव्वाआठला उठलो. बाकी सगळं फर्स्ट क्लास.
साहेब खुर्चीवर बसले. घड्याळाकडे पाहून विचारलं, हे तुमचंच? मी म्हणालो, आजोबांच्या वेळचं. बाबा तोंड उघडणार तेवढ्यात त्यांना पाणी आणायला पाठवलं. कोंबडं केलं होतं, भातावर तूप. जेवताना साहेबांनी विचारलं, मदतीची गरज आहे ना? आपण मागणारे वाटू नये म्हणून मी म्हणालो, गरज अशी काही नाही, शिकायची हौस आहे. साहेब एकदम खुश. भराभर लिहून घेतलं.
पुढे ते टोल्यावर गेले. जंगूच्या मायनं, सोनीबाईनं, बाजेवर बसवलं आणि पानाच्या दोन्यात आंबील दिली म्हणे. मलाच लाज वाटली.

२४ जून. सकाळी ९ वाजून ५ मिनिटे.
पत्र आलं. जंगूला घेतलं.
माझ्याबद्दल लिहिलंय: ‘कुटुंब सुस्थितीत. घरी घड्याळ, खुर्च्या, पितळी भांडी. मदतीची गरज नसल्याचे अर्जदाराने स्वतः सांगितले.’ घोर अन्याय आहे. आमच्या घराबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं, हेही नमूद करतो.

२५ जून. सकाळी १० वाजता.
अपील करणार. इंग्रजीत. ‘रिस्पेक्टेड सर’ इथपर्यंत झालं. बाबा काही न सांगता बैलबंडीनं गडचिरोलीला गेले.

२८ जून. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.
बाबा परत आले. साहेबांना भेटले. घड्याळ गावच्या पाटलाचं आहे, सगळ्या घरी फिरते, असं सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, तुमचा शिकलेला मुलगा आजोबांचं म्हणतो, मी खरं कोणाचं मानू?
मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? बाबा म्हणाले, काई नाई. चार लोकांत पोराले खोटा कसा म्हणू, वापस आलो.
रागावले असते तर बरं झालं असतं. फार वाईट वाटून राह्यलं.

३० जून. वेळ माहीत नाही.
घड्याळ गेलं. खालच्या आळीत मंगलीला पाहायला येणार आहेत. उद्या मामासंगं माजरी.
जंगू नागपूरला निघाला, जाताना भेटायला आला. म्हणाला, तू काऊन येऊन नाई राह्यला? आता हौस नाही, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, घरची परिस्थिती नाई न बाप्पा.
जंगू म्हणाला, मंग हे साहेबाले काऊन नाई सांगतलं?
मी त्याच्या ट्रंकेला दोरी बांधून दिली.