टॅबमधला सभ्य गृहस्थ

टाइमकीपरसाहेब,

नमस्कार घ्या, पण तो दात-ओठ खाऊन केलेला आहे हे ध्यानात ठेवून घ्या. साहेबी इथेच संपली, यापुढे अरे-तुरे. तुझी तब्येत सुधारली आहे हे काल अगदी पक्कं कळलं (कसं कळलं ते पुढे येईल) आणि तुला मनसोक्त शिव्या द्यायला मी मोकळा झालो. इकडे आमचं बरं चाललं आहे. हिचा गुडघा आहे तसाच आहे आणि माझा स्वभावही आहे तसाच आहे, असं हिने शेजारी बसून लिहायला लावलं. तुझ्या मुलीला आशीर्वाद. जावयाला काय द्यायचं ते तुझं तू ठरव.

तर मुलीकडे राहायला जाताना तू फर्मान सोडून गेलास की, एक टॅब घे, रोज संध्याकाळी पाचला त्यावर बुद्धिबळाचा डाव टाकू. मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊन हॉस्पिटलात पडलेला आणि नुकताच घरी आलेला माणूस काही मागतो, तेव्हा नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? ‘नवाच घे’ असंही तू बजावलं होतंस. तेवढं मी ऐकलं नाही. जन्मभर चष्मे विकलेल्या माणसाला काचेच्या एका चौकोनासाठी एवढा पैसा मोजणं जिवावर येतं. म्हणून बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली जुन्या वस्तूंचं दुकान आहे तिथे गेलो. दुकान कसलं, कोनाडाच तो. कपडे भिजवायच्या टबात टॅब रचून ठेवले होते, एकावर एक, उताणे-पालथे. मालकाच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ज्याला स्वतःच्या नाकावरचा चष्मा धड ठेवता येत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नये, एवढी अक्कल धंद्याने मला दिली होती. त्या दिवशी ती घरी राहिली. मी विचारलं, यात बुद्धिबळ आहे का? तो म्हणाला, आहेच. मी म्हटलं, मग बांधा. (माझ्या दुकानात येऊन ‘फ्रेम आहे का’ विचारणारी आणि नंबर न तपासता चष्मा नेणारी गिऱ्हाइकं असत, त्यांना मी किती हसायचो ते तुला ठाऊक आहे. हसू नकोस.)

त्या वस्तूचं वर्णन काय करावं? वजन असं की मांडीवर घेतला तर पाय बधिर होतो. पाठीवर कुण्या पोराने चिकटवलेल्या चित्रांचे चिकट डाग, ते घासून घासून हिची बोटं दुखली. चार्जरची वायर एका ठराविक कोनात वाकवून वर शब्दकोश ठेवला तरच वीज आत शिरते, आणि शिरलेली वीज दोन डावांच्या वर टिकत नाही. बटण दाबावं, चहा टाकावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे पडदा उजळतो. त्यातही डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे, त्याखाली काय लिहिलंय ते ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही. ‘जुना माल मजबूत असतो,’ असं तो जिन्याखालचा म्हणाला होता. मजबूत आहे खरा. दोनदा हातातून पडला, फरशीचाच टवका उडाला.

पण डाव सुरू झाला! पहिल्याच दिवशी पाचच्या ठोक्याला मी खेळाच्या चित्रावर बोट टेकवलं आणि समोर पट मांडलेला. वर त्या काळ्या डागाशेजारी एक वाटोळं चित्र, टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस. नाव डागाखाली गेलेलं. मी म्हटलं, हा आलाच वेळेवर, डेपोची सवय जात नाही. फ्रेमसुद्धा मी ओळखली, मीच तुला दिलेली ती जाड काळी. (हिला चित्र दाखवून, फ्रेमवरून माणूस कसा ओळखावा यावर मी व्याख्यान दिलं होतं. त्याची आठवण ही आता जेवताना रोज करून देते.) त्या दिवसापासून रोज पाचला मी आणि तू.

पण तू तू राहिला नव्हतास. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसगाड्या मिनिटावर सोडणारा तू, स्वतःचं प्यादं एक घर सरकवायला चहा गार होईपर्यंत बसायचास. आणि आता मी बोट उचलायच्या आत तुझी चाल हजर! वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात आणून ठेवायचास. किल्लेकोट करायचा असतो हेच विसरलेला. एकदाही चाल परत मागितली नाहीस. ‘हात लावला म्हणजे चाल नव्हे’ या एका वाक्यावर आपली निम्मी भांडणं झाली, ते वाक्यच तुझ्याकडून गेलं. हे सगळं एक वेळ मी सोसलं असतं. पण मी बरी चाल केली की खाली अक्षरं उमटायची, ‘व्हेरी गुड’. हरलास की ‘वेल प्लेड’. अरे, दुकानाच्या मागच्या खोलीत आपण इतकी वर्षं खेळलो, तुझ्या तोंडून ‘आंधळ्या, डोळे तपासून घे’ याहून गोड शब्द मी ऐकलेला नाही. पहिलं ‘व्हेरी गुड’ वाचलं आणि मी हिला म्हणालो, गेला, आपला टाइमकीपर डोक्याने गेला, तो सभ्य झालाय.

ही म्हणाली, फोन करा. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलेलं नाही हे तू कबूल करत नाहीस, त्यामुळे तुझ्याशी फोनवर बोलून डोकं तपासता येत नाही. तुझ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, बाबा अगदी छान आहेत. बापाबद्दल मुली असंच सांगतात. खोदून विचारायचा मला धीर झाला नाही, खरं सांगतो. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

मग मी तुला जिंकू द्यायला लागलो. म्हटलं, निदान पाच वाजता तरी या माणसाला बरं वाटू दे. हत्ती मोकळा सोडायचा, राजा उघड्यावर आणायचा, आणि तुला दिसत नाही असं वाटलं तर पुन्हा एकदा आणायचा. त्या चित्राशी मी बोलायलाही लागलो. ‘दमलास का रे? आज पुरे, पड जरा.’ ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, इतक्या मायेने माझ्याशी कधी बोलला नाहीत, मलाही टक्कल पडायची वाट बघताय का? तुझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं मी, तेही चष्मा पुसायच्या निमित्ताने. त्या पाण्याचा हिशेब मी तुझ्याकडून वसूल करणार आहे.

आणि काल तुझ्या मुलीचा फोन आला. काका, तुम्ही खेळायला येत का नाही? बाबा गेल्यापासून— चुकलो, घाबरू नकोस, शब्द तिचेच लिहितो— ‘बाबा इथे आल्यापासून रोज पाचला टॅब उघडून बसतात. म्हणतात, चष्मेवाला घाबरला, हरायच्या भीतीने लपून बसलाय. वर असंही म्हणतात की, त्या आंधळ्याला बटण सापडलं नसेल.’ आंधळा म्हणालास! माझ्या जिवात जीव आला. शिवी ऐकून इतका आनंद झालेला माणूस तिने पाहिला नसेल, ती बिचारी ‘हॅलो हॅलो’ करत राहिली.

मग टॅब बगलेत मारून तडक जिन्याखाली गेलो. त्या दोऱ्याच्या चष्मेवाल्या मालकाने तो उलटसुलट करून पाहिला आणि थंडपणे म्हणाला, यात नेट चालतच नाही, आतला तो भाग केव्हाच गेलाय. मी म्हटलं, मग मी इतके दिवस खेळतोय कुणाशी? तो म्हणाला, यंत्राशी. तो टकल्या यंत्राचाच आहे, सगळ्यात सोपी पातळी, लहान मुलांची. मी ओरडलो, हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, काका, तुम्ही बुद्धिबळ विचारलंत, नेट कुठे विचारलंत? माझ्याच धंद्यातलं उत्तर माझ्याच तोंडावर मारून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. तू तिकडे उघडून बसायचास, मी इकडे, आणि मला तू म्हणून भेटत होता तो हा सभ्य गृहस्थ. दोष अर्थातच तुझा. बुद्धिबळ पटावर खेळायचं असतं, समोर बसून, एकमेकांचा अपमान करत. तो सोडून काचेतून खेळायची अवदसा तुला आठवली. तुझ्या त्या नव्या, गुळगुळीत टॅबलाही माझा दुरूनच दंडवत. मला तो नको, दाखवूही नकोस. औषधं वेळेवर घे, जिन्याचा कठडा धर आणि जावयाशी राजकारणावर बोलू नकोस.

तुझा,
चष्मेवाला
(घाबरलेला नाही)

ता. क. तो जिन्याखालचा टॅब परत घेत नाही. तुझ्या मुलीच्या ओळखीत कुणाला हवा असेल तर विचारायला सांग. उत्तम अवस्थेत आहे, अगदी थोडा वापरलेला, मालक सज्जन. डाग डाव्या कोपऱ्यात आहे, पण तिकडे फारसं कुणी बघत नाही.

ता. क. दुसरा. तुला मुद्दाम जिंकू दिलं असं वर लिहिलंय. ते शेवटच्या काही डावांबद्दल खरं नाही. ते मी मुद्दाम हरलो नव्हतो.

ता. क. तिसरा. हा हिने वाचलेला नाही, ती आत गेल्यावर लिहितोय. काल दुकानातून आल्यावर, समोर यंत्रच आहे हे माहीत असताना, सगळी ताकद लावून एक डाव खेळलो. लहान मुलांच्या पातळीवर. हरलो. घोडा कसा चालतो याचा मला मध्येच थांबून विचार करावा लागला. घरात विचारलं तर सगळे म्हणतील, तुम्ही छान आहात. म्हणून मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. पट काढून ठेव. एक डाव खेळ, अजिबात दया करू नकोस, आणि डोकं कुणाचं गेलंय ते मला तोंडावर सांग.