उरलेल्याचा चौथा भाग

बडोदे, ता. २१ ऑक्टोबर १९९६

सौ. नलिनीवहिनींस राजेश्वरीचा नमस्कार.

आणि ही गणितं लिहितं कोण, तेवढं मला सांगा. तुम्ही करजणच्या शाळेत शिकवता, तुम्हाला ठाऊक असेल. रमणभाईकडे एकशेवीस रुपये. तिसरा भाग चोपड्यांत वापरला, उरलेल्याचा चौथा भाग मिठाईत. मिठाईला किती? अरे मेल्या, दुकानात कोणी भागाने मिठाई मागतं का? पाव किलो दे म्हणतात आणि सुटतात.

संयोगिता सातवीत आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा दात पडले होते तिचे. अपूर्णांकात दोनदा नापास झाली. परवा मी स्वयंपाक टाकून तिच्यापुढे बसले. म्हटलं, एकशेवीसचा चौथा भाग तीस, लिही. ती म्हणे, "मम्मी, वीस येतात." पाठीत धपाटा घातला आणि तीसच लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बेनने, म्हणजे बाईंनी, तिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी आली ती दप्तर फेकूनच. बारा शेंगदाणे माझ्यापुढे मांडले, चार उचलून तोंडात टाकले. "हे वापरले. आता कर चौथा भाग."

मी तीन बाजूला काढले.

"कशाचा चौथा? ते चार तर मी खाल्ले ना!"

तिचे पप्पा पलंगावर लोळून हसले. म्हटलं, गोरव्याच्या कारखान्यात जाऊन मशीनशी हसा.

मला हसू आलं नाही. तेव्हापासून चैन नाही, दोनदा दूध उतू गेलं. शेवटी आई गेल्यावर आलेली दादाची ती चिठ्ठी काढली. अक्षर तुमचं, सांगणारा तो. आईची पोस्टातली शिल्लक चोवीस हजार, तिसरा भाग दवाखान्यात वापरला, उरलेल्याचे आपण चौघं भावंडं, तुझा चौथा भाग सोबत. सोबत चार हजार होते. मी सहा धरून बसले होते.

चोवीस शेंगदाणे मांडले. दोनदा मांडले. चारच येतात.

जयवंतकाकांच्या नातवाच्या बारशाला, पंगत बसलेली असताना, मी तुम्हाला चोर म्हटलं. तुमच्या हातात भाताचं पातेलं होतं. तुम्ही ते खाली ठेवलं नाही, वाढत राहिलात. माझ्याही पानात वाढलंत. चोर असं वाढत नाही, हे मला तेव्हाच... जाऊ दे. पुढे सहा वर्षं दादाची भाऊबीजेची मनिऑर्डर मी पोस्टमनच्या हाती परत लावली. त्याला वेगळं लिहीन. तो भाऊ आहे, दोन शिव्या देईल आणि येईल. तुमचं तसं नाही.

माफी मागायला मला येत नाही. चूक माझी होती, एवढं लिहिते. आणि लगेच मागतेही, निर्लज्ज म्हणा. दिवाळीच्या सुट्टीत संयोगिताला तुमच्याकडे ठेवून घ्या, अपूर्णांक शिकवा. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत तिचे. माझ्याजवळ राहिली तर माझ्यासारखी होईल, ऐकायच्या आधी ओरडणारी.

नाही म्हणायचं तर नाही लिहा. पण दादाकडून निरोप नको, तुमच्या अक्षरात पाहिजे. करजणहून पत्र दोन दिवसांत येतं, तेव्हा टपालाचं कारण चालणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं.

तुमची वन्सं, म्हणाल तर,
राजेश्वरी