नळी दुसऱ्या बाजूने

अक्कलकुवा,
चैत्र वद्य षष्ठी, शके १८५९

तीर्थस्वरूप दोधूदादास,

धाकट्या कमलचा वाकून नमस्कार. वहिनीचा खोकला गेला का? पांढरीला कालवड झाली, हे ऐकून बरं वाटलं. इकडे यांच्या मनगटाच्या फळ्या वैद्याने सोडल्या, पण मोटारीचं हँडल मारण्याएवढी ताकद अजून नाही. मोटार मात्र उभी नाही. रोज उतारू घेऊन शहाद्याला जाते-येते.

तुझं पत्र मिळालं. मोटार विका, बाईच्या जातीने इंजिनात हात घालू नये, ऐकलं नाहीस तर आखाजीला माहेरी न्यायला मूळ येणार नाही, असं लिहिलंस. वाचून रडले. मग भाकरी थापल्या आणि लिहायला बसले.

मी देवीचा नारळ बंद केला, हे खरं आहे. भर दुपारी देवीच्या देवळाजवळच्या चढावर मोटार बंद पडायची. उतारू नारळ फोडायचे, खोबरं वाटून खायचे, की मोटार सुरू. देवी पावली म्हणायचे. हँडल उलटं फिरून यांचा हात मोडला तोही तिथेच. तेव्हा तूच लिहून कळवलंस, नारळाने भागत नाही, बोकड द्या.

दादा, बोकडाआधी मी बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या तांब्याच्या नळीला बोट लावलं, तर फोड आला. मिस्त्रीने जवळची वाट म्हणून नळी धुराच्या तापल्या पाइपाला चिकटवून नेली होती. झाकणाखाली भाताची वाफ कोंडते, तशी आत पेट्रोलची वाफ कोंडायची. खोबरं खाऊन होईतो इंजिन निवायचं, एवढंच.

मी बिचकले. हे खाटेवरून म्हणाले, "मन्हा हात मोडेल शे, तुन्हा नही. खोल."

खोलली. आधी वरून वळसा दिला, तर वाफ त्या उंचवट्यात अडली. मग दुसऱ्या बाजूने, टाकीपासून सारखी उतरती नेली. इंजिन थरथरतं, म्हणून जरा सैल ठेवली. त्यानंतर चढावर मोटार थांबलेली नाही.

विचारशील, चालवतं कोण. मी. धुळ्याला साहेबापुढे चालवून लायसन आणलंय.

भाजीवाली गजराबाई अजून मागून ओरडते, "नारय फोड वं माय, नही ते गाडी बंद पडी जाई." मी देवीपुढे मान लववते आणि गिअर बदलते. देवीचं माझं भांडण नाही.

घराण्याची अब्रू म्हणतोस. हात मोडून हे पडले, तेव्हा घराण्यातलं कोणी चूल पेटते का विचारायला आलं नाही. आता पेटते, तर धूर दिसला होय?

मूळ पाठवू नकोस. आखाजीला मी माझी येईन, हे शेजारी बसतील. दारातले बैल लांब बांध, आवाजाला बुजतील. घरात घ्यायचं की दारातून परत लावायचं, ते तू ठरव. लावलंस तर मला फार लागेल, पण मोटार विकणार नाही. परतीचं पेट्रोल घालूनच निघेन.

तुझी बहीण,
कमल ड्रायव्हर