सुलट्या अक्षरांचा ठसा

१२ सप्टेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गेले आठ दिवस टेबलावर वाकून वाकून पाठ धरली आहे. तेव्हा उभ्यानेच केलेला घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? दोन वर्षांनी धाकटीचं पत्र आलंय म्हणजे काहीतरी काम असणार, असं तू आत्ता मिशीतल्या मिशीत पुटपुटला असशील. आहेच काम.

एक ठसा कोरून हवा आहे. शिसवी, चार बोटं रुंद, दोन बोटं उंच. मजकूर वेगळ्या कागदावर आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, ते सुधारू नकोस, तसंच हवंय.

आधी मीच कोरला होता. हसू नकोस. तुझी जुनी पटाशी घेऊन तीन दिवस बसले, अंगठा कापून घेतला, आणि मोठ्या ऐटीत पहिला ठसा कापडावर मारला. सगळी अक्षरं उलटी! ठसे कोरणाऱ्याची मुलगी, बाबांनी आरशात अक्षरं दाखवून दाखवून वाढवलेली, आणि लाकडावर सुलटी अक्षरं कोरून बसते. इथे छापकाम करणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय.

बाकी आमचं झकास चाललंय. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली आता पुरत नाही. आठ बायका पिशव्या आणि टेबलक्लॉथ छापतात. नक्षी आम्ही तिघी चित्रकार फुकट काढून देतो. माल जातो न्याय्य व्यापाराच्या दुकानात, म्हणजे जिथे करणारीला तिच्या कामाचा रास्त दाम मिळतो. शाळा सुटली की त्यांची पोरं कोपऱ्यातल्या चटईवर येतात. अभ्यास, चित्रं, मारामाऱ्या, सगळं तिथेच. यातली निम्मी पोरं पूर्वी शाळा बुडवून भंगार वेचायची. आता एकही जात नाही. हे मी छाती फुगवून सांगतेय आणि सांगत राहणार.

त्या जुन्या भांडणाबद्दल मी काही लिहिणार नाही.

ठसा कशाला हवा ते सांगते. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, पिशवीला पोरांचा फोटो असलेली चिठ्ठी बांधा, माल हातोहात जातो. मी टिकलीचा फोटो घेतला. टिकली म्हणजे आमच्या सगळ्यांत चांगल्या छापणारीची मुलगी, नऊ वर्षांची, एवढीशी. तिच्या आईचा हात असा की एक ठसा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते शोधून सापडत नाही. फोटोखाली मी लिहिलं, ‘हिचे वडील घर सोडून गेले. तुमच्या खरेदीमुळे हिला दोन वेळचं जेवण मिळतं.’ वाक्य मला फार आवडलं होतं. पिशव्या आठवड्यात संपल्या.

टिकलीला नुकतं जोडाक्षरं वाचता यायला लागलंय. त्यामुळे बिस्किटाचा कागद, खालच्या दुकानाची पाटी, जे दिसेल ते ती खणखणीत आवाजात वाचते. मागच्या सोमवारी तिच्या हाती चिठ्ठी लागली. तीही तिने तशीच वाचली. आई चार हातांवर उभी होती. वाचून झाल्यावर टिकली माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, पिशवी चांगली नाहीये का?”

“चांगली आहे की. का गं?”

“मग माझी गोष्ट कशाला लावलीय?”

तिच्या आईने हातातला ठसा पुसून जागेवर ठेवला, पोरीचा हात धरला आणि दारात थांबून मला म्हणाली, “ताई, मी तुम्हाला माझ्या हातचं काम विकायला दिलं होतं. पोरीचा बाप नव्हता दिला.”

दादा, हे मी आधी ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून, फोनवर. “आपली गरिबी माझीही होती, छोटे. विकायच्या आधी विचारायचंस तरी.”

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता लिहितेच. आमच्या पहिल्या पत्रकावर मी तुझा दहा वर्षांचा फोटो छापला. बाबांचा ढगळ शर्ट, बटणाच्या जागी पिन. खाली लिहिलं, ‘या भावंडांच्या घरी कित्येक दिवस एकदाच चूल पेटे.’ तुला विचारलं नाही. तू फोन ठेवलास, आणि मी दोन वर्षं जगाला सांगत राहिले की आमचा दादा तापट. तू तापट आहेसच. पण त्या दिवशी तुझं बरोबर होतं. चुकले मी, दादा. मला माफ कर.

पुढच्या खेपेला बांधलेल्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने कापून काढल्या. टिकलीच्या घरी जाऊन दोघींची माफी मागितली. आई म्हणाली, नवी चिठ्ठी बघेन, मग कामावर परत यायचं की नाही ते ठरवीन. म्हणून नवा मजकूर टिकलीनेच लिहिला: ‘ही पिशवी माझ्या आईने छापली.’ फोटो नाही, बाप नाही. दुकानवाल्या बाईंचं म्हणणं, असं कोण घेणार? मी म्हटलं, पिशवी चांगली आहे, घेतील. नाही घेतली तर मी स्वतः दुकानात उभी राहून विकेन. आणि विकेनच, तू मला ओळखतोस.

ठसे कोरणारे इथेही आहेत. पण मला तुझाच हवाय. मूळ फोटो सोबत पाठवतेय, तो तुझा आहे. माझा फसलेला ठसा पानामागे उमटवलाय. आरशात धरून वाच.

विचारून मगच काही करायला शिकलेली,
तुझी छोटी


२३ सप्टेंबर

छोटे,

गुडघा बरा आहे. ठसा पाठवतोय. पोरीच्या ‘छ’ला शेपूट जास्त आहे, ते ठेवलंय. मजुरीचं बिल आत आहे. न्याय्य व्यापारवाल्यांना भाऊ म्हणून सूट मिळणार नाही.

आरसा लागला नाही. उलटं वाचायची मला सवय आहे.

फोटो परत पाठवतोय. नीट बघ. माझ्या हातात ठसा आहे, बाबांनी कोरू दिलेला पहिला. दोन दिवस मी तो उशाशी घेऊन झोपलो होतो. पत्रकात तू माझे हात कापून टाकले होतेस. मला राग शर्टाचा नव्हता.

आता पत्रकावर लावायचा असेल तर अख्खा लाव. विचारलंस असं समजून हो म्हणतोय. खाली एवढंच लिही, की हा ठसा त्याने स्वतः कोरला.

टिकलीच्या आईला माझा नमस्कार सांग. एका कारागिराचा.

तुझा दादा