आपोआप मुदतवाढ

१२ ऑगस्ट, मंगळवार

कागद अडकला म्हणे! पुन्हा!

थेडाबाईंचा फोन काल संध्याकाळी, आज सकाळी मी पिल्सुमला हजर. एम्डेनहून जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. मशीनचं झाकण उघडलं, अडकलेला कागद काढला — तर दोन घड्या घातलेला. कडेला कड जुळवून! बापाच्या गोठ्यात एका जुन्या मशीनवर धंदा सुरू केला, तेव्हापासून झेरॉक्सची मशीनं भाड्यानं देतोय मी. मशीन कागद चुरगाळतं, फाडतं, गिळतं. घडी घालत नाही.

मशीन चालू करून कान लावला. आत सगळं सुरळीत, कुठं कुरकुर नाही.

"तुम्ही आलात की सुधारतं ते," बाई म्हणाल्या.

मग चहा. तीन कप. आमच्याकडे त्याहून कमी प्यायलं तर तब्येत विचारतात.

१३ ऑगस्ट

बाईंची काळजी वाटते. भाऊ फोको फेब्रुवारीत गेला. गवती छपरं शाकारायचा त्याचा धंदा त्याच्यासोबतच गेला. बाई त्याचं ऑफिस बघायच्या. आता छापायला उरलंय काय? पण भाडं चालूच — महिन्याला एकशे चाळीस युरो. पेन्शन केवढीशी!

करार ३१ डिसेंबरला संपतो. पण ३० सप्टेंबरपर्यंत ‘मशीन नको’ असं लेखी पत्र पोचलं नाही, तर तो आपोआप आणखी वर्षभर वाढतो. मग मधेच मशीन परत करायचं म्हटलं तर उरलेलं सगळं भाडं एकरकमी, दंड म्हणून. माझ्या हातात असतं तर कागद फाडून चुलीत घातला असता. पण मी सगळे करार हॅम्बुर्गच्या एका वित्तसंस्थेला विकतो, त्याशिवाय नवी मशीनं घ्यायला पैसा कुठला? भाडं त्यांचं, दंड त्यांचा. माझी फक्त दुरुस्ती.

म्हणजे बाईंना समजावणं आलं.

१९ ऑगस्ट

आज ‘विचित्र आवाज येतो.’ मला तरी आला नाही, आणि हे कान अख्ख्या एम्डेनला ठाऊक आहेत! असो. करार टेबलावर पसरला, कलम नऊवर बोट ठेवून वाचून दाखवलं. बाई मान हलवत होत्या. ऐकणाऱ्या माणसासारखी छान मान हलवतात.

"आणि हे खाली काय आहे, पानांचं?"

"महिन्याला हजार पानं धरलीत. कमी छापलीत तरी हजार पानांचे पैसे."

"म्हणजे न छापलेल्या पानांचेही?"

"हो."

"आमच्या फोकोनं न शाकारलेल्या छपरांचे पैसे मागितले असते ना, तर लोकांनी त्याला शिडीवरून खाली ओढला असता!"

हसता हसता चहा नाकात गेला. पत्र राहिलंच.

२६ ऑगस्ट

आज युक्ती सुचली. म्हटलं, "थेडाबाई, तुमच्या चहाचंच घ्या. मी गप्प बसलो की तुम्ही काय करता? कप भरता. पुन्हा गप्प बसलो, पुन्हा भरता. नको असेल तर मी काय करतो? कपात चमचा ठेवतो. चमचा दिसला की किटली खाली. करार तस्साच! गप्प बसलात तर भरत राहणार. पत्र म्हणजे चमचा."

स्वतःवरच खूश झालो. इतकं सोपं करून हॅम्बुर्गच्या वकिलालाही सांगता यायचं नाही.

बाईंनी चौथा कप ओतला. गरम चहा पडताच कपातली खडीसाखर तडकली, तो आवाज मला फार आवडतो. मग म्हणाल्या, "पण हाब्बो, चमचा ठेवायची घाई कुणाला आहे?"

२७ ऑगस्ट

असं का म्हणाल्या?

९ सप्टेंबर

‘कागद फिका येतो.’ आला नाही. त्यांनी मनुकांच्या पावाची कृती छापून दाखवली, ठसठशीत काळी. पाव मात्र ताजा होता. येताना अर्धा बांधून दिला.

इन्सा चिडवते. "बाबा, गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला दुकानाबाहेर नेणारा अख्ख्या जर्मनीत तू एकटाच!" लेक आता धंद्याचा हिशेब सांभाळते, त्यामुळे जीभ सैल झालीय. पाव मात्र तिनंच संपवला.

१६ सप्टेंबर

पत्र नाही. "लिहिते हो, लिहिते." छपरातल्या चिमण्यांची गोष्ट सांगितली. फोकोनं एकदा घरट्यासाठी एका घराचं काम तीन आठवडे थांबवलं होतं. मालक बोंबलत होता, आणि हा शिडीवर बसून पिलांशी शीळ घालत होता म्हणे. सांगताना बाईंचा आवाज मधेच बारीक झाला. मी खिडकीबाहेर बघितलं. माझी बायको लेना असती तर तिला काय बोलावं ते कळलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली, आणि मला अजून फक्त मशीनशी बोलता येतं.

२३ सप्टेंबर

आठवडा उरलाय! झोप लागत नाही मला, आणि त्या फळांचा जॅम करतायत!

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. मीच पत्र टाईप करून नेलं. फक्त सही हवी होती, फोटो काढून तिथूनच हॅम्बुर्गला पाठवणार होतो.

बाईंनी चष्मा लावला. शांतपणे वाचलं. पेन उचललं. जीव भांड्यात पडला!

"इथं स्वल्पविराम हवा," म्हणाल्या.

"अहो, सही!"

"राहू द्या हो. चहा निवतोय."

"थेडाबाई, इतके दिवस मी काय भिंतीशी बोलतोय?"

"भिंतीला कोण चहा देतं?"

एरवी हसलो असतो. आज डोकं फिरलं. वर्षभराचं भाडं ही बाई स्वल्पविरामावर उडवून देते आणि वर जॅम पुढं करते! पहिलाच कप संपला होता. मी चमचा उचलला आणि कपात ठेवला. टिण्ण.

त्यांनी किटली उचललेली होती. तशीच खाली ठेवली.

"कळलं," म्हणाल्या.

दारापर्यंत आल्या नाहीत. पहिल्या कपाला चमचा — माझ्या आईनं कान उपटला असता.

१ ऑक्टोबर

इन्साला म्हटलं, बाईंचा करार वाढला, आता वर्षभर भोगा.

"कुणाचा? थेडा उब्बेनबाईंचा? छे! त्यांचं पत्र मेमध्येच पोचलंय. हॅम्बुर्गची पोच आपल्याकडेही आली होती."

"मेमध्ये? आणि मला सांगितलं नाहीस?"

"मंगळवारी तू दाढी करून जातोस, बाबा. मी कशाला मधे बोलू?"

मेमध्ये! म्हणजे कलम नऊ त्यांनी माझ्याआधी वाचलं होतं. दंड, पानं, मुदत, सगळं ठाऊक. आणि मी बोट ठेवून ठेवून वाचून दाखवतोय! आणि त्या मान हलवतायत!

आणि मी चमचा ठेवून आलो.

१४ ऑक्टोबर

फोन नाही. मशीन बिघडत नाही. मशीनं इतकी चांगली ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

मंगळवार होता. दाढी केली. कुठं गेलो नाही.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून कुणी बोललं नाही. पण मागं काहीतरी बारीक तडकलं. खडीसाखरेवर गरम चहा पडला होता. बाकी काही ऐकू येवो न येवो, हे मला ऐकू येतं.

मीही बोललो नाही. पण फोन ठेवलाही नाही. तिकडं चहा निवेपर्यंत दोघं तसेच.

२ जानेवारी

हॅम्बुर्गचं पत्र: करार संपला, नऊ तारखेच्या आत मशीन उचला, नाहीतर पुढच्या दर दिवसाला गिऱ्हाइकाकडून दंड. म्हणजे माझ्या दिरंगाईचा भुर्दंड बाईंना! हे बरं शोधून काढतात.

ड्रायव्हरला पाठवावं म्हटलं. मला कुठल्या तोंडानं जाता येणार?

"ड्रायव्हरला मी सुट्टी दिलीय," इन्सा म्हणाली. मान वर न करता!

६ जानेवारी, मंगळवार

मशीन गाडीत चढवलं. ऑफिसचा तो कोपरा भुंडा दिसायला लागला. आता मला बोलवावं लागेल असं त्या घरात काहीच उरलं नाही. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिलो, ‘त्या दिवशी मी’ एवढंच तोंडातून निघालं.

"हात धुऊन या," बाई म्हणाल्या.

चहा मांडला होता. किटली, खडीसाखर, साय, दोन कप. तीन झाले. चौथा झाला. पाचवा भरला तेव्हा सवयीनं हात बशीकडे गेला.

टेबलावर चमचे नव्हते.