पहिली घडी सैल ठेवावी

मी, चिमटी, अवकाशयानाच्या शिडाच्या घड्या घालणारी, उद्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. अक्षर माझेच आहे. यापूर्वी मृत्युपत्र केल्याचे आठवत नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

१. घर भाड्याचे, म्हणून ते कोणाला देता येत नाही. बँकेतली शिल्लक आईला. खिडकीतल्या कुंड्याही तिलाच. पाणी घालण्याची सक्ती नाही, विनंती आहे.

२. दुर्बीण मामांना. "आता आकाशाला पडदे लावणार का गं?" असे त्यांनी चारचौघांत विचारले होते. हो मामा, लावते आहे. राग सोडला आहे, बराचसा.

३. घडी दाबायची लाकडी पट्टी मावशीला परत. ती नाटकांचे पडदे शिवते. माझी पहिली शाळा तिच्या शिवणयंत्राखाली भरली. मावशी शिवलेला पडदा उघडून बघे, तेव्हा तिथे पेंगत पडल्या पडल्या मी काळे कापड फुलासारखे उमलताना पाहिले. मागे रंगवलेल्या चांदण्या असत. मावशी पहिली घडी कधीच दाबत नसे. म्हणायची, "उघडायला सुरुवात कुठून करायची, ते कापडाला कळायला नको का?"

४. सर्वांत महत्त्वाचे. उन्हाच्या रेट्याने चालणारे आमचे शीड त्या पडद्यासारखेच मिटले आहे. त्याचीही पहिली घडी मी सैल ठेवली आहे. आमचे अभियंते, ज्यांना सगळे काटकोन म्हणतात, ते म्हणतात, "चिमटे, हे नाटक नाही. वर दोरी ओढायला कोणी नसतं." खरे आहे. त्यांनी निर्वात कोठीत शीड दोन्ही प्रकारे उघडून पाहावे. माझी रीत अडकली तर घडी खुशाल दाबावी. पण केवळ नीटनेटके दिसावे म्हणून दाबू नये. त्या फटीतून उजेड आत शिरतो आणि सगळे शीड हळूच श्वास घेते, असे मला रोज स्वप्नात दिसते. हा पुरावा नाही, हे मला ठाऊक आहे.

५. ही रीत कोणा एकाला देत नाही. ज्याच्या उपयोगी पडेल, त्याची.

मावशीला वस्तू मिळणार असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही. ती रुसली आहे.

स्थळ: घड्या घालायची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, ऊन उतरताना

सही: चिमटी

साक्षीदार पहिली: शेजारच्या टेबलावरची चित्रकार

साक्षीदार दुसरा: काटकोन. वाचले. वर दोरी ओढायला कोणी नसते, चाचणीला मात्र कोणीतरी लागते. तू येईपर्यंत शिडाची पेटी उघडीच.